मधला चौकोन

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

सहावीला पदार्थाच्या अवस्था शिकवायच्या आहेत, काहीतरी सुचव, असं म्हणालीस. फोनवर माझं एक सांगताना दुसरंच निघतं, म्हणून लिहितेय.

तू फळ्यावर तीन चौकोन काढणार. सगळेच काढतात. पहिल्यात ठिपके दाटीवाटीने, दुसऱ्यात बरेच विरळ, तिसऱ्यात दोन-चार इकडेतिकडे. त्यातला मधला चौकोन मला कधीच पटला नाही. द्रवातले कणसुद्धा एकमेकांना खेटूनच असतात, फक्त त्यांना ठरलेली जागा नसते. जत्रेतली गर्दी आठव : खांद्याला खांदा लागतोय, पण पाय चालूच. खरी मोकळीक वायूत. एक लिटर पाणी उकळून संपलं की त्याची सुमारे 1,700 लिटर वाफ होते, म्हणजे दोन रेणूंमधलं अंतर साधारण बारापट झालं. हे मापात काढायला फळा पुरणार नाही, पण मधले ठिपके तरी चिकटवून काढ.

पोरांना पटावं म्हणून मेडिकलमधून एक सिरिंज आण, सुईशिवाय. आत हवा ओढायची, टोकावर बोट दाबायचं आणि दट्ट्या रेटायचा. बराच आत जातो, सोडला की मागे येतो. मग पाणी भरून तेच. दट्ट्या ढिम्म हलत नाही, बोट मात्र दुखतं. वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोराला पुढे बोलव!

पाण्याची मात्र गंमतच आहे. थंडीत गोठलेल्या खोबरेलाचा एक गोळा पातळ तेलात टाकून बघ, तळाशी जातो. बर्फ पाण्यावर तरंगतो. खोबरेलाचे रेणू गोठताना जवळ सरकतात, तर पाण्याचे रेणू ठरावीक अंतर राखून एकमेकांना धरतात आणि मध्ये पोकळी राहते. म्हणून बर्फ सुमारे 9 टक्के जास्त जागा घेतो. तेव्हा ‘स्थायूत कण सर्वांत जवळ असतात’ हे वाक्य घोकून घेऊ नकोस.

उष्णता दिली की कण जोरात हलतात, हे पोरांना लगेच कळतं, त्यावर फार वेळ घालवू नकोस. खरा प्रश्न पाणी उकळायला लागल्यावर येतो. तापमापी धरलीस तर पारा एका आकड्याशी अडतो. आच वाढव, पाणी लवकर आटेल, पण पारा तिथेच. मग ही उष्णता जाते कुठे? कणांचा वेग वाढवण्यात नाही, त्यांना एकमेकांपासून सोडवण्यात. जोसेफ ब्लॅक यांनी 1760 च्या दशकात ग्लासगोला ही दडलेली उष्णता मोजायला घेतली. एक ग्रॅम पाणी 0 वरून 100 अंशांवर न्यायला 100 कॅलरी लागतात आणि तिथून पुढे त्याची वाफ करायला 540! वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट तो यामुळेच; कातडीवर तिचं पाणी होताना त्या 540 परत मिळतात. आणि वरण उकळल्यावर गॅस मोठा ठेवून ते लवकर शिजत नाही, हे वहिनीला मी कितीदा सांगितलं, तूही एकदा सांगून बघ.

आता तुमच्या महाबळेश्वरचं. गाव साधारण 1,350 मीटर उंचावर, हवेचा दाब कमी, त्यामुळे पाणी 95-96 अंशांवरच उकळतं. एखादी पोरगी पुस्तक उघडून म्हणेल, “बाई, इथे 100 लिहिलंय.” दिसला तोच आकडा तिला वहीत लिहू दे. 100 हा समुद्रसपाटीचा आकडा, हे त्यानंतर सांग. तापमापी भांड्याच्या तळाला टेकू देऊ नकोस आणि पहिल्या बाकावरची पोरं शेगडीपासून लांब बसव.

दादाला नमस्कार. किती अंश आले ते कळव.

तुझी,
आत्या