गिवानच्या किनाऱ्यावरून

ताक्लोबानहून गिवानकडे निघालेली व्हॅन शहर सोडते न सोडते तोच सान हुआनिको पुलावर चढते. लेते आणि सामार या बेटांना जोडणारा हा दोन किलोमीटरांहून थोडा लांब पूल १९७३ मध्ये खुला झाला. खालची सामुद्रधुनी इतकी अरुंद आणि पाण्याला ओढ इतकी, की नदीच वाटावी. पूल संपला की सामार सुरू होतं. आकारानं हे फिलिपिन्सचं तिसऱ्या क्रमांकाचं बेट, पण पर्यटकांच्या यादीत ते फारसं नसतं. बहुतेक सगळे बोराकाय किंवा पालावानला जातात. मला मात्र सामारचं अगदी आग्नेय टोक गाठायचं होतं.

रस्ता किनारा धरून जातो. उजव्या हाताला लेतेचं आखात, डाव्या हाताला माड आणि माडांमागे पावसानं कायम ओले असलेले डोंगर. सामारच्या या बाजूला कोरडा ऋतू असा नाहीच. पाऊस कमी किंवा जास्त, एवढाच फरक. माराबुतजवळ समुद्रातून चुनखडीचे सुळके वर आलेले दिसतात. त्यांच्या माथ्यावर झाडी, आणि तळाशी लाटांनी खाऊन पोकळ केलेली कपार. पुढे बालांगिगा लागतं. २८ सप्टेंबर १९०१ रोजी इथल्या गावकऱ्यांनी अमेरिकन तुकडीवर हल्ला केला आणि ४८ सैनिक मारले. त्याच्या सूडापोटी अमेरिकन सैन्यानं सामारची गावंच्या गावं जाळली आणि चर्चच्या तीन घंटा लुटीचा माल म्हणून उचलून नेल्या. त्या परत मिळाल्या डिसेंबर २०१८ मध्ये, ११७ वर्षांनी. चर्चच्या आवारात मी बराच वेळ थांबलो. मग साल्सेदो, मेर्सेदेस अशी गावं मागे पडत गेली, जमीन अरुंद होत गेली आणि गिवान आलं.

गिवान ही पूर्व सामार प्रांतातली एक नगरपालिका. तिचे साठ बारांगाय, म्हणजे वॉर्ड किंवा वाड्या म्हणा, आणि वस्ती पन्नास हजारांच्या थोडी वर. पण यातले कितीतरी बारांगाय मुख्य भूमीवर नाहीतच. ते कालिकोआन, मानिकानी, तुबाबाओ, होमोनहोन, सुलुआन अशा बेटांवर विखुरलेले आहेत. गावाचा कारभार जितका जमिनीवर, तितकाच पाण्यावर चालतो. धक्क्यावर सकाळपासून बांका लागलेल्या असतात. दोन्ही अंगांना बांबूची उलांडी असलेल्या या लांबट होड्यांतून तांदळाची पोती, बर्फाच्या लाद्या, शाळेची मुलं, डुकरं, सिमेंट असं सगळं बेटांकडे जातं.

गावाच्या पश्चिमेला आखाताचं शांत पाणी आणि खारफुटी. पूर्वेला मात्र उघडा प्रशांत महासागर. या अक्षांशावर पूर्वेकडे निघालं, तर मार्शल बेटांचे ठिपके वगळता थेट मध्य अमेरिकेपर्यंत जमीन नाही. किनाऱ्यापासून फार लांब न जाता फिलिपिन खंदक सुरू होतो, दहा हजार मीटरांहून खोल. म्हणून महासागरातून जे काही पश्चिमेकडे येतं, मग ते गलबत असो, वाट चुकलेली होडी असो की चक्रीवादळ, त्याला पुष्कळदा पहिली जमीन लागते ती ही.

दर्यावर्दी मॅगेलनलाही हीच लागली. १६ मार्च १५२१ रोजी त्याच्या तीन जहाजांना सामारचे डोंगर दिसले आणि दुसऱ्या दिवशी तो होमोनहोनवर उतरला. प्रशांत महासागर ओलांडताना त्याच्या माणसांची काय दशा झाली, ते सोबतच्या आंतोनियो पिगाफेत्तानं लिहून ठेवलं आहे. तीन महिने वीस दिवस ताजं अन्न नाही. डोलकाठ्यांवरचं चामडं समुद्राच्या पाण्यात भिजवून, निखाऱ्यावर भाजून खाल्लं. उंदीरसुद्धा विकत घ्यावे लागले. हिरड्या सुजून माणसं मेली. वाटेत ग्वामला एक होडी चोरीला गेली, म्हणून मॅगेलननं तिथल्या लोकांची घरं जाळली आणि माणसं मारली. मॅगेलन कोणत्या तालमीत तयार झाला होता, हे कोकणच्या वाचकाला वेगळं सांगायला नको. १५०५ मध्ये तो ज्या पोर्तुगीज अल्मेडाच्या आरमारातून हिंदुस्थानात आला, त्याच अल्मेडानं १५०८ च्या अखेरीस आपलं दाभोळ जाळून बेचिराख केलं.

अशी माणसं होमोनहोनवर दोन तंबू ठोकून, आजाऱ्यांना आत निजवून बसली होती. १८ मार्चला सुलुआन बेटावरून एक होडी आली. आत नऊ माणसं. ती घाबरली नाहीत, शस्त्र उगारलं नाही. मॅगेलननं त्यांना लाल टोप्या, आरसे, कंगवे, घुंगरं दिली. त्यांनी मासे दिले, माडी दिली, केळी दिली, दोन नारळ दिले. आत्ता जवळ एवढंच आहे, चार दिवसांनी भात आणि आणखी नारळ घेऊन येतो, असं खुणेनं सांगितलं. आणि सांगितल्याप्रमाणे २२ तारखेला ते आलेही. आजाऱ्यांना मॅगेलन रोज सकाळी स्वतःच्या हातानं शहाळ्याचं पाणी पाजत असे, अशी पिगाफेत्ताची नोंद आहे. ते पाणी सुलुआनच्या माडांचं होतं.

होमोनहोनवर मॅगेलनच्या माणसांना गोड पाण्याचे दोन झरे सापडले आणि सोन्याच्या खुणा दिसल्या, म्हणून त्यांनी या जागेला शुभचिन्हांचा पाणवठा असं नाव दिलं. आठ दिवस ती तिथं राहिली, सावरली आणि २५ मार्चला निघाली. पुढे सेबू, पुढे माक्तान, आणि २७ एप्रिलला तिथला सरदार लापुलापु याच्या माणसांकडून मॅगेलनचा मृत्यू. शाळेच्या पुस्तकांत माक्तान असतं. सुलुआनची नऊ माणसं सहसा नसतात. त्यांची नावं पिगाफेत्तानंही लिहिली नाहीत. पण ती आली नसती तर या सफरीचं पुढं काय झालं असतं, हा प्रश्न होमोनहोनच्या किनाऱ्यावर उभं राहिल्यावर टाळता येत नाही. २०२१ साली पाचशे वर्षं झाली, तेव्हा फिलिपिन्स सरकारनं या मार्गावर ठिकठिकाणी स्मृतिशिळा बसवल्या आणि सुलुआनच्या लोकांच्या माणुसकीला त्यात मानाची जागा दिली. मला हे फार योग्य वाटलं.

पिगाफेत्तानं माडाबद्दल पानभर लिहिलं आहे: झाडाला वरून खाच देऊन बांबूच्या नळ्यात रस कसा धरतात, खोबऱ्याचं तेल कसं निघतं, करवंट्या आणि काथ्या कशाला वापरतात. दहा माणसांचं कुटुंब दोन माडांवर जगतं, असं तो म्हणतो. आपल्याकडे रत्नागिरी-सिंधुदुर्गात माडी काढणारे भंडारी जे करतात, तेच इथं आजही चालतं. फक्त इथली तुबा झाडाच्या सालीची पूड घालून लालसर केलेली असते आणि ती मुरवून ठेवतात. तिच्याच शिरक्यात कच्च्या माशाचे तुकडे, आलं, कांदा, मिरची घालून किनिलाव करतात. बाजाराशेजारच्या खानावळीत मी ते भाताबरोबर खाल्लं. मासा पहाटेचा होता, शिरका तिखट होता, आणि त्यावर आणखी काही लागलं नाही.

१६९६ च्या अखेरीची गोष्ट मात्र मॅगेलनच्या गोष्टीइतकी कुणाला माहीत नसते, आणि मला ती जास्त आवडते. डिसेंबरच्या शेवटच्या दिवसांत गिवानच्या किनाऱ्यासमोर दोन अनोळखी होड्या दिसल्या. त्यांत सुमारे तीस माणसं होती: पुरुष, बायका, पोरं. ती होती पूर्वेकडच्या कॅरोलाइन बेटांची. एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना वाऱ्यानं भरकटून सत्तर दिवस समुद्रात होती. पाच जण वाटेतच मेले होते. समोर प्रवाळाचे खडक होते. किनाऱ्यावरच्या एका गावकऱ्यानं कापड हलवून वाट दाखवायचा प्रयत्न केला, पण ती घाबरून पुन्हा समुद्राकडे वळली. तेव्हा त्या माणसानं पाण्यात उडी मारली आणि पोहत एका होडीपाशी गेला. तो जवळ येताच त्या होडीतले सगळे, पोरांना घेतलेल्या बायकासुद्धा, पाण्यात उड्या टाकून दुसऱ्या होडीकडे गेले. तो त्यांच्या मागोमाग गेला, त्या होडीत चढला आणि तिला खडकांतून सुखरूप किनाऱ्याला आणलं.

हे सगळं आपल्याला कळतं ते पाउल क्लाइन या बोहेमियातून आलेल्या जेझुइट पाद्र्यामुळे. तो तेव्हा गिवानात होता आणि १६९७ च्या जूनमध्ये त्यानं हे सविस्तर पत्रानं रोमला कळवलं. पाहुण्यांनी शिजवलेला भात कधी पाहिला नव्हता. त्यांना ते किडे वाटले आणि त्यांनी तो खाल्ला नाही. नारळ मात्र आवडीनं खाल्ले. आधी कधीतरी अशाच वाहून आलेल्या दोन बायका गिवानात राहत होत्या, त्या दुभाषी झाल्या. तुमची बेटं कुठं आहेत, असं विचारल्यावर पाहुण्यांनी किनाऱ्यावरचे खडे गोळा केले आणि एकेका बेटासाठी एकेक खडा मांडत आपला अख्खा मुलूख वाळूवर उभा केला. त्या मांडणीवरून काढलेला नकाशा युरोपात गेला. पलाऊ आणि कॅरोलाइन बेटांचा युरोपात पोचलेल्या पहिल्या नकाशांपैकी तो एक. ज्यांनी खडे मांडले त्यांची नावं जगाला ठाऊक नाहीत, आणि पाण्यात उडी मारणाऱ्याचंही नाही.

गावाच्या मधोमध निष्कलंक मातेचं चर्च आहे. दक्षिणेकडून येणाऱ्या लुटारूंपासून बचाव व्हावा म्हणून त्याला किल्ल्यासारखी जाड तटबंदी घातलेली. जेझुइटांना १७६८ मध्ये फिलिपिन्समधून हाकललं, त्यानंतर दुसऱ्या संघांच्या पाद्र्यांनी हे चर्च सांभाळलं. आतल्या भिंतींवर शंख-शिंपल्यांची नक्षी, आणि ती नुसती हौस नाही. गिवान शिंपल्यांसाठी ओळखलं जातं. खोल पाण्यातली सोनेरी कवडी इथले पाणबुडे काढत आले आहेत. २००१ मध्ये हे चर्च राष्ट्रीय सांस्कृतिक ठेवा म्हणून जाहीर झालं. बारा वर्षांनी त्याचं छप्पर उडालं. त्याकडे पुढे येतोच.

विसाव्या शतकात या टोकाकडे पुन्हा सगळ्या जगाचं लक्ष गेलं. १७ ऑक्टोबर १९४४ रोजी लेतेच्या आखाताचं तोंड मोकळं करण्यासाठी अमेरिकन रेंजर आधी सुलुआनवर उतरले. अमेरिकन सेनापती मॅकआर्थरच्या लेतेवरच्या प्रसिद्ध उतरण्याच्या तीन दिवस आधीची ही गोष्ट. मग गिवान आणि कालिकोआनवर मोठा नौदल तळ उभा राहिला. प्रवाळ फोडून लांबलचक धावपट्टी केली, गोदामं आली, इस्पितळ आलं. युद्ध संपलं आणि तळही गेला. कालिकोआनच्या पूर्वेला आज तरुण पोरं लाटांवर फळ्या घेऊन खेळतात; झाडीत शिरलं की काँक्रीटची जोती पायाखाली येतात.

त्या सोडून दिलेल्या तळामुळेच १९४९ मध्ये तुबाबाओ बेटावर रशियन माणसं आली. रशियन क्रांतीनंतर चीनमध्ये आसरा घेतलेली ही कुटुंबं माओचं सैन्य शांघायजवळ येऊ लागताच पुन्हा बेघर झाली. आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटनेनं अनेक देशांना साकडं घातलं. होकार दिला तो राष्ट्राध्यक्ष एल्पिदियो किरिनो यांच्या फिलिपिन्सनं. स्वातंत्र्याला तीन वर्षं झाली नव्हती, मनिला युद्धात जमीनदोस्त झालेली, आणि या देशानं साडेपाच हजारांच्या आसपास परक्यांना जागा दिली. सैन्याच्या जुन्या तंबूंत चर्च उभी राहिली, शाळा आणि दवाखाना सुरू झाला. पाणी कमी, डास अमाप, आणि डोक्यावर वादळांची टांगती भीती. त्यांचे बिशप जॉन रोज रात्री छावणीभोवती फिरून चारही दिशांना आशीर्वाद देत, अशी आठवण त्या लोकांनी सांगितली आहे. या लोकांना अमेरिकेत येता यावं यासाठी तिथला कायदा बदलावा म्हणून हेच बिशप वॉशिंग्टनला जाऊन आले. हळूहळू लोक ऑस्ट्रेलियाला आणि अमेरिकेला गेले. १९५१ च्या डिसेंबरात वादळानं उरलेली छावणी झोडपली, तेव्हा बहुतेक तंबू रिकामे झाले होते. निर्वासितांची ओझी देशादेशांत एकमेकांवर ढकलली जात असल्याचं आपण आज रोज वाचतो. अशा वेळी तुबाबाओची हकीकत प्रत्येक देशाच्या शाळेत शिकवावी, असं मला मनापासून वाटतं.

८ नोव्हेंबर २०१३ ची पहाट. चार वाजून चाळीस मिनिटांनी योलांदा हे चक्रीवादळ, ज्याला बाहेरचं जग हाययान म्हणतं, गिवानवर आदळलं. ताशी तीनशे किलोमीटरांवर गेलेला वारा. गावातली जवळजवळ सगळी छपरं गेली, माड काड्यांसारखे मोडले, चर्च उघडं पडलं, टेकडीवरचं नवं हवामान रडारसुद्धा वाचलं नाही. तरी गिवानमध्ये बळी गेले ते शंभराच्या आसपास; ताक्लोबानमध्ये दोन हजारांहून जास्त. याचं एक कारण भूगोलात आहे. ताक्लोबान उथळ, निमुळत्या उपसागराच्या टोकाशी वसलेलं. वाऱ्यानं रेटलेल्या पाण्याला तिथं वर चढण्यावाचून वाटच नव्हती. गिवानसमोर समुद्र झटकन खोल होतो. दुसरं कारण असं, की इथं आधीच पुष्कळ लोकांना घरांतून हलवून पक्क्या इमारतींत नेलं होतं. आणि मदतीची विमानं उतरली ती १९४४-४५ च्या त्याच प्रवाळाच्या धावपट्टीवर.

चर्च पुन्हा उभं राहिलं आहे. माडांना वेळ लागतो. नवा माड फळाला यायला सहा-सात वर्षं जातात, आणि तोवर ज्याचं पोट खोबऱ्यावर आहे त्यानं काय करायचं? बरेच जण मासेमारीकडे वळले, बरेच मनिलाला गेले. होमोनहोनवर क्रोमाइट आणि निकेलच्या खाणी चालल्या आहेत. बेटाच्या अंगावर तांबडे ओरखडे लांबून दिसतात. खाणीमुळे रोजगार मिळतो हे खरं आहे, पण पावसात ती माती वाहून प्रवाळावर बसते आणि झऱ्यांचं पाणी गढूळ होतं, हेही खरं आहे. मॅगेलनच्या उपाशी माणसांना ज्या बेटानं पाणी दिलं, ते बेट धातूसाठी खरवडून टाकणं मला अक्षम्य वाटतं. गिवानमधले पुष्कळ लोक, त्यांत पाद्रीही, वर्षानुवर्षं याविरुद्ध बोलत आले आहेत. त्यांना बाहेरून साथ हवी आहे.

फिलिपिन्सला जाणाऱ्या मराठी माणसांनी बोराकायचे दोन दिवस कमी करून सामारकडे वळावं. मनिलाहून ताक्लोबानला विमानानं जावं, तिथून व्हॅननं तीन-चार तासांत गिवान. मार्च ते मे या महिन्यांत समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो, तेव्हा होमोनहोन आणि सुलुआनला बांका जातात. वर्षअखेरीच्या वादळांच्या दिवसांत बेटांकडे जाण्याचा हट्ट धरू नये. बेटांवर हॉटेलं नाहीत, म्हणून आधी गिवानच्या पर्यटन कार्यालयात आणि मग बारांगायच्या कप्तानाला कळवून जावं, बरोबर पिण्याचं पाणी न्यावं आणि प्लास्टिक परत आणावं.