आधी खाऊ, मग मासा!

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत सध्या हिरव्यागार पाण्याच्या बाटल्या दिवसरात्र बुडबुडत असतात. येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे काय गं?" आणि मग मला थांबवणं कठीण होतं! ते आहे समुद्री शेवाळ, नॅनोक्लोरोप्सिस. शेवाळ खायला शेजारच्या बरणीत कोपेपॉड म्हणजे पाण्यातले इवलेसे कवचधारी जीव, आणि कोपेपॉड खायला हॉलमधल्या टँकमध्ये माझा मँडरिन!

मावसभावाच्या घरी हा मासा पहिल्यांदा पाहिला आणि मी खुळावलेच. बोटभर जीव, जेमतेम सहा-सात सेंटिमीटरचा. गर्द निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी पट्टे. मूळचा पश्चिम प्रशांत महासागरातला. जपानच्या रिऊक्यू बेटांपासून ऑस्ट्रेलियापर्यंत प्रवाळांच्या आडोशानं राहणारा. आणि तो निळा रंग! बहुतेक प्राण्यांचा निळेपणा हा प्रकाशाचा खेळ असतो. अंगातल्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश परततो आणि आपल्याला निळं दिसतं. मँडरिनच्या कातडीत मात्र खरंखुरं निळं रंगद्रव्य असलेल्या पेशी आहेत. कणा असलेल्या प्राण्यांत हे इतकं विरळा आहे, की वाचल्यावर मी उठून पुन्हा त्याला बघायला गेले.

पण खाण्याच्या बाबतीत हे महाशय भारी हट्टी. गोळ्या, फ्लेक्स यांना सहसा तोंडच लावत नाहीत. समुद्रात हा दिवसभर खडकावरचे बारीक जिवंत किडे टिपत हिंडतो. सकाळ-संध्याकाळ चिमूटभर टाकून त्याचं भागत नाही. म्हणूनच कित्येक मँडरिन चांगल्या, स्वच्छ टँकमध्ये पोट खपाटीला जाऊन उपाशी मरतात. तेव्हा त्याला आणण्याआधी त्याचं कोठार भरायला हवं!

मग मी मागेच लागले. खारं पाणी म्हणजे आरओच्या पाण्यात सॉल्ट मिक्स, लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार. वाफ होऊन पाणी उडतं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या आरओच्या पाण्याची. तापमान पंचवीस-सव्वीस अंश, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात चिलर लागतोच. खडक सिरॅमिकचे, कारण आपल्याकडच्या प्रवाळांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. टँकला जोडून एक छोटा कप्पा, त्यात समुद्री शेवाळाचा गुंता. मासे तिथे पोहोचत नाहीत, त्यामुळे कोपेपॉड तिथे निर्धास्त वाढतात.

आणि एका रात्री दिवे बंद करून काचेवर टॉर्च मारला, तर काच चालत होती! खसखशीहून बारीक पांढुरके ठिपके. थांबायचे, टुणकन उडायचे, पुन्हा थांबायचे. भिंगातून पाहिलं तर काही माद्यांच्या शेपटीपाशी अंड्यांची पिशवी! मी घरातल्या सगळ्यांना उठवलं.

त्यानंतरच मँडरिन आला. आता तो जेवतो कसा ते पाहाच. पोटाखालच्या परांवर टेकत खडकावरून सरकतो, थबकतो, मान नसल्यामुळे डोळेच वळवून एक जागा न्याहाळतो. क्षणभर काहीच होत नाही. मग तोंड नळीसारखं पुढे येतं आणि टक्! एक कोपेपॉड गेला. की लगेच पुढचा. हे दिवसभर चालतं! वरखर्चाला मी आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची, पिल्लं देते. अंडी खाऱ्या पाण्यात एअर स्टोन लावून ठेवली, की साधारण चोवीस तासांत फुटतात. बाजूला दिवा धरला की नारिंगी पिल्लं उजेडाकडे गोळा होतात आणि टरफलं मागे राहतात. मग ड्रॉपरनं उचलायची, गाळणीत धुवायची आणि लगेच खाऊ घालायची, कारण पोटातला बलक संपला की त्यांचा कसही उतरतो.

एका माशापायी मला अख्खी अन्नसाखळी घरात उभी राहिलेली दिसली. शेवाळ वाढतंय, कोपेपॉड वाढतायत, आणि त्या दोघांच्या जिवावर हा निळा जीव बाळसं धरतोय. यापरता आनंद मला तरी ठाऊक नाही!

तुम्हालाही मोह झाला तर एवढं कराच: आधी टँक काही महिने मुरू द्या, कोपेपॉड भरपूर होऊ द्या. मिळाला तर समुद्रातून पकडलेल्यापेक्षा टँकमध्येच जन्मलेला मँडरिन घ्या. आणि दुकानदाराला सांगा, "याला खाताना दाखवा." तो खाताना दिसल्याशिवाय पैसे काढू नका.