रीप्रिंट मागणारी कार्डं

ठाण्याहून पनवेलला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत हल्ली संशोधन करणारी बरीच तरुण मंडळी दिसतात. त्यांतली काही खारघरला उतरतात, टाटा मेमोरियल केंद्राच्या ‘ॲक्ट्रेक’ या कर्करोग संशोधन संस्थेत जायला. माझी भाची त्यांतलीच. कल्याणहून येते, ठाण्याला गाडी बदलते आणि बसायला जागा मिळाली की आधी फोनवर गूगल स्कॉलर उघडते. “मावशी, आमच्या सरांचा एच-इंडेक्स वाढला,” असं सांगताना तिला स्वतःचाच निकाल लागल्यासारखा आनंद होतो.

आमच्या काळी कर्करोगाचं संशोधन म्हणजे परळ. तिथल्या कर्करोग संशोधन संस्थेची प्रयोगशाळा 2002 साली खारघरला गेली. मी मुंबईतल्या दुसऱ्या एका विज्ञानसंस्थेच्या ग्रंथालयात होते. डोंबिवलीच्या धीम्या लोकलमध्ये परळला उतरणाऱ्या बायकांशी रोजची ओळख असायची. त्यांच्या तोंडी सारखं एक नाव यायचं: रणदिवेबाई.

डॉ. कमल रणदिवे मूळच्या पुण्याच्या, जन्म 1917 चा. परळला डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली काम करून 1949 मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली. मग बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धन, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवण्याचं तंत्र, शिकल्या आणि परत येऊन मुंबईत देशातली तशी पहिली प्रयोगशाळा उभी केली. कर्करोग आणि कुष्ठरोगावर त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत. 1982 मध्ये पद्मभूषण मिळालं.

एखाद्या लेखाचं वजन तेव्हा कसं कळायचं? टपालातून. ‘करंट कंटेंट्स’ नावाचा छोट्या आकाराचा साप्ताहिक अंक फिलाडेल्फियाहून यायचा. त्यात जगभरच्या नियतकालिकांच्या अनुक्रमणिका आणि लेखकांचे पत्ते असत. तो वाचून प्राग, वॉर्सा, ब्यूनोस आयर्स अशा ठिकाणांहून पोस्टकार्डं यायची. मजकूर छापलेला, लेखाचं नाव तेवढं टंकलेलं: आपल्या लेखाची एक प्रत पाठवावी, आभारी आहोत. लेखक नियतकालिकाकडून लेखाच्या सुट्या छापील प्रती, म्हणजे रीप्रिंट, विकत घेऊन ठेवायचे आणि एकेक पाकिटात घालून पाठवायचे. कार्डांवरची तिकिटं प्रयोगशाळेतल्या लोकांची मुलं जमवत. कुठल्या लेखाला कार्डं आली आणि कुठल्याला एकही आलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

एखाद्या लेखाचे इतरांच्या लेखांतले उल्लेख मोजायचे असले तर ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’चे जाडजूड खंड काढून बसावं लागे. अक्षर इतकं बारीक, की आम्ही भिंग जवळ ठेवायचो. त्यात एक मोठी उणीव होती. उद्धृत लेखाची नोंद फक्त पहिल्या लेखकाच्या नावाखाली सापडायची. विद्यार्थ्याला पुढे करून स्वतःचं नाव शेवटी घालणारे मार्गदर्शक त्या खंडांत जवळजवळ दिसतच नसत. या अन्यायाचं मला तेव्हाही फार वाईट वाटायचं. आज संगणकाला सगळी नावं दिसतात, हे फार चांगलं झालं.

एच-इंडेक्स 2005 मध्ये हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. वीस लेखांना प्रत्येकी निदान वीस उल्लेख, तर एच-इंडेक्स वीस. सोपा आहे, म्हणून नेमणुकांच्या वेळीही विचारला जातो. पण तेव्हा टाटा मेमोरियलमध्ये असलेल्या डॉ. अनिल डिक्रूझ आणि सहकाऱ्यांचा 2015 चा ‘न्यू इंग्लंड जर्नल’मधला लेख घ्या. तोंडाच्या सुरुवातीच्या कर्करोगात पहिल्याच शस्त्रक्रियेत मानेतल्या गाठीही काढल्या, तर तीन वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण 80 टक्के. गाठी दिसेपर्यंत थांबलं तर 67.5 टक्के. या लेखाचे उल्लेख फोनवर क्षणात मोजता येतात, पण तंबाखूने तोंड गमावायची वेळ आलेल्या डोंबिवलीतल्या रिक्षावाल्यावर उद्या शस्त्रक्रिया कशी होईल हे या लेखाने ठरतं. ते त्या आकड्यात येत नाही.

रणदिवेबाईंचं तर त्याहून अधिक काही आकड्याबाहेर राहतं. त्यांचा काळ संगणकाच्या आधीचा. तेव्हाच्या कितीतरी लेखांचं आज नुसतं शीर्षक दिसतं, गोषवारा नाही. 1973 मध्ये अकरा सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली. तिचं वाशीचं केंद्र, तिथलं नोकरदार मुलींचं वसतिगृह आणि पाळणाघर कुठल्या एच-इंडेक्समध्ये मोजणार? माझ्या मते वैज्ञानिकाचा प्रभाव आधी तिथे पाहावा, मग फोनवर.

आणि एक विनंती. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत निवृत्त संशोधकांची घरं पुष्कळ आहेत. सोसायटीच्या पुनर्विकासाच्या वेळी माळ्यावरच्या प्रयोगवह्या, पत्रव्यवहार आणि लेखांच्या याद्या रद्दीवाल्याला देऊ नका. त्या ज्या संस्थेत तयार झाल्या, तिच्या ग्रंथालयाला आधी एक फोन करा.