पडवीतला जनरेटर

दोघांनी धरून उचलावा एवढा तो. लोखंडी नळ्यांच्या चौकटीत बसवलेलं इंजिन, वर टाकी, पुढे दोन पॉइंट, बाजूला ओढायची दोरी. वर्षातले बरेच महिने दापोलीच्या घरात मागच्या पडवीत गोणपाटाखाली मुकाट बसून असतो.

३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धनकडच्या वाड्यांमधले माड-पोफळी कोसळले, सोबत विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावांना पुढे काही आठवडे लाइट नव्हती. आळीतली माणसं आधी मोबाइल घेऊन त्याच्याकडे आली. पण त्याचं खरं मोठेपण विहिरीवर दिसलं. पंप आले तसे घरोघरचे रहाट निघून गेले होते. विहीर काठोकाठ भरलेली आणि टाकी कोरडी, अशी स्थिती. त्या दिवसांत पाणी वर चढवलं ते त्याने.

कष्टाळू आहे, पण एकदम अंगावर टाकलेलं काम त्याला सोसत नाही. अर्ध्या एचपीचा पंप चालताना पाचएकशे वॅट घेतो, सुरू होताना मात्र क्षणभर त्याच्या कितीतरी पट मागतो. म्हणून आधी पंप एकटा, मग फ्रिज. दोन्ही एकदम दिले की त्याचा आवाज खाली बसतो, दिवे पिवळे पडतात. मिनिटाला ३००० फेरे राखले तरच तो ५० हर्ट्झची वीज देतो. आवाज बसला म्हणजे फेरे घटले. ते ऐकणाऱ्याने लगेच लोड काढावा.

खाण्यापिण्यात काटेकोर. नवा असताना पहिल्या २० तासांनी ऑइल बदलायचं, पुढे दर १०० तासांनी. वर्षभर हे शंभर तास भरता भरत नाहीत. वादळात रोज आठ तास चालला तर तेराव्या दिवशी भरतात, आणि नेमकं तेव्हाच कुणाच्या ध्यानात नसतं. आमच्याकडे पडवीच्या भिंतीवर पेन्सिलीने तास मांडलेले आहेत. शिळं पेट्रोल त्याला अजिबात चालत नाही. कार्बोरेटरच्या बारीक जेटमध्ये त्याचा चिकट थर धरतो, मग कितीही दोरी ओढा. आता तर पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. कोकणात ओलीला काय तोटा! तेव्हा महिन्यातून एकदा त्याला बाहेर काढावं, इस्त्री लावून पंधरा मिनिटं चालवावं, मग पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू ठेवावं. या पंधरा मिनिटांचा कंटाळा करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. वादळाच्या रात्री तो सुरू झाला नाही की हेच लोक दोष त्याला देतात.

त्याच्या आवाजाची तक्रार सगळे करतात. भ्यावं ते धुराला. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेलं माणूस उठतच नाही. बाहेर पाऊस कोसळत असला की त्याला आडोशाला, पडवीतच सुरू करावंसं वाटतं. तो पडवीत राहतो, पडवीत चालत नाही. घरापासून निदान वीस फूट लांब, खळ्याच्या कडेला, चारी बाजू मोकळ्या ठेवून वर पत्रा, सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला आणि वारा बघून. पेट्रोल ओतायचं तेही बंद करून, गार झाल्यावर.

आणि एक पाप त्याच्याकडून कुणी करवून घेऊ नये. दोन्ही टोकांना पिना लावलेली वायर भिंतीतल्या पॉइंटमध्ये खोचून सगळं घर उजळवतात. ती वीज मीटरमधून उलटी लाइनवर जाते आणि ट्रान्सफॉर्मरमधून चढली तर ११,००० व्होल्टची होते. त्या तारेला हात घालणारा वायरमन कदाचित दुसऱ्या जिल्ह्यातून मदतीला आलेला असतो, चिखलातून खांब उभे करत इथवर पोचलेला. आमच्याकडे घर लाइनपासून तोडून जनरेटरला जोडणारा चेंजओव्हर स्विच बसवला आहे. तरी वायरमन आळीत शिरला की घरातलं कुणीतरी पुढे होतं, जनरेटर चालू असल्याचं सांगतं आणि स्विच कुठल्या बाजूला आहे ते त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायला लावतं. मगच त्याने खांबावर चढायचं.