मिन्स पायमधलं साजूक तूप

लीड्समधल्या माझ्या पहिल्याच डिसेंबरात घरमालकीणबाईंनी बशीत दोन छोटे पाय आणून समोर ठेवले. "मिन्स पाय," त्या म्हणाल्या. मिन्स म्हणजे खिमा, एवढं इंग्रजी मला येत होतं. मी शाकाहारी असल्याचं सांगितलं, तर त्या हसल्याच. यात मीट नाही, नुसती फळं आहेत, असं म्हणून त्यांनी बशी पुढे सरकवली.

मी खाल्ला. खुसखुशीत पारी, आत मनुका, बेदाणे, सफरचंद, संत्र्याची पाकवलेली साल, दालचिनी, लवंग, जायफळ. मला थेट करंजी आठवली. मिरजेपासून लांबची माझी पहिली दिवाळी महिन्याभरापूर्वीच लायब्ररीत बसून गेली होती. त्या डिसेंबरात मी किमान पंधरा मिन्स पाय खाल्ले असतील.

जानेवारीत फ्रीज आवरताना एक अर्धवट पाकीट हाताला लागलं. 'बीफ सूएट'. फोनवर शोधलं. सूएट म्हणजे गाईबैलांच्या किंवा मेंढ्यांच्या मूत्रपिंडाभोवतीची कडक चरबी. ती मिन्स पायच्या सारणात घालतात, हेही त्याच पानावर होतं.

पोटात गोळाच आला. बाईंना विचारलं तेव्हा त्या खऱ्याखुऱ्या गोंधळल्या. "पण ती चरबी आहे, मीट कुठे?" मला राग आला होता, पण त्या खोटं बोलल्या नव्हत्या, हेही दिसत होतं.

मग मी या सारणाच्या मागेच लागले. त्याचं नाव 'मिन्समीट', आणि एकेकाळी ते शब्दशः खरं होतं. जर्व्हेस मार्कहॅमच्या 1615 च्या पुस्तकातल्या कृतीत बोकडाच्या नाही, पण मेंढ्याच्या तंगडीचं मांस आहे, मेंढ्याचीच चरबी आहे आणि त्यातच मनुका, खजूर, संत्र्याची साल. पुढे साखर वाढत गेली आणि मांस मागे पडत गेलं. मिसेस बीटनच्या 1861 च्या प्रसिद्ध पुस्तकात दोन कृती आहेत. एकीत बीफ आहे, दुसरीत नाही. सूएट मात्र दोन्हीत आहे. मांस निघून गेलं, चरबी राहिली, आणि इतकी वर्षं राहिली की ती कुणाला दिसेनाशी झाली.

गांधीजी 1888 मध्ये लंडनला शिकायला आले तेव्हा आईला मांस न खाण्याचा शब्द देऊन आले होते. आत्मकथेत ते लिहितात, की मांसाच्या तीन व्याख्या त्यांना तिथे भेटल्या. कुणाच्या व्याख्येत मासे बसत नव्हते, कुणाच्या व्याख्येत अंडी. शेवटी त्यांनी आईची व्याख्या धरली, कारण शब्द तिला दिला होता. त्या व्याख्येत अंडीसुद्धा होती, त्यामुळे प्रत्येक पुडिंगबद्दल चौकशी करणं आलं. मी कुणाला शब्द वगैरे दिला नव्हता. पण माझीही व्याख्या आईचीच होती, हे मला ते पाकीट हातात धरल्यावर कळलं.

पुढच्या नोव्हेंबरात बाईच म्हणाल्या, "या वर्षी तुला चालतील असे करू." त्यांच्या आईची वही काढली. मापं सगळी पौंड-औंसात.

आधी दुकानातून व्हेजिटेबल सूएट आणलं. ते पाम आणि सूर्यफुलाच्या तेलाचं असतं, कण सुटे राहावेत म्हणून पीठ लावलेलं. काम झालं, पण जिभेवर मेणासारखा थर बसला. मग लोणी. लोण्यात पाणी आणि दुधाचा अंश असतो, त्यामुळे असं सारण सूएटच्या सारणाइतकं टिकत नाही, आणि हे सारण बरणीत चांगलं तीन-चार आठवडे मुरवायचं असतं. तेव्हा मला तूप आठवलं. तूप म्हणजे पाणी आणि बेरी काढून टाकलेलं लोणीच की! कढवलं, फ्रीजमध्ये घट्ट केलं आणि किसणीवर किसलं. बाई बघतच राहिल्या.

पहिला घाणा फसला. सूएट वितळायला साधारण 45 ते 50 अंश लागतात, तूप त्याच्या बरंच आधी पातळ होतं. पायच्या कडांमधून पाक बाहेर आला आणि ट्रेला चिकटला. दुसऱ्या वेळी तूप निम्मं केलं आणि सफरचंद आधी मंद आचेवर आटवून घेतलं. पारीत डुकराच्या चरबीऐवजी लोणी, वरून अंड्याऐवजी दुधाचा हात. ब्रँडी तेवढी तशीच ठेवली. ब्रँडी शाकाहारी असते.

ते पाय झकास झाले. बाईंनी एक खाल्ला, मग दुसरा. म्हणाल्या, "छान आहेत. पण माझ्या आईचे नाहीत." मला जरा लागलं, पण त्यांचं बरोबर होतं. करंजीत कुणी तुपाऐवजी दुसरं काही घातलं असतं तर मीही हेच म्हटलं असतं. त्या वर्षी ओट्यावर दोन बरण्या राहिल्या. एकीच्या झाकणावर त्यांनी माझं नाव लिहिलं होतं.

रविवारी आईला फोनवर सगळं सांगितलं. ती ऐकत होती. मग विचारलं, "आणि आदल्या वर्षीचे ते पंधरा?"

मी गप्प.

"खाल्लेस ते खाल्लेस. आता तुपाचं प्रमाण सांग."

सांगितलं. ब्रँडीचं अजून सांगायचंय.