शहराच्या दारी भाताचा पेंढा

जपानी शहर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे यंत्रे येतात. ते खरेच आहे. टोकियो-ओसाका ही वेगवान शिंकानसेन रेल्वे १ ऑक्टोबर १९६४ रोजी सुरू झाली. आज तिने टोकियोहून निघालेला माणूस सव्वादोन तासांत क्योतोला पोहोचतो. तिथून साध्या लोकल गाडीने पाच मिनिटांवर इनारी स्थानक. समोरच फुशिमी इनारीचे देऊळ. त्याची स्थापना सन ७११ मधली मानतात.

इनारी ही मुळात भातपिकाची देवता. कोल्हा तिचा दूत. देवळातील काही कोल्ह्यांच्या मूर्तींनी तोंडात भाताची लोंबी धरलेली दिसते. पुढे व्यापाऱ्यांनी हिला आपली मानले आणि ती धंद्याचीही देवता झाली. मागच्या डोंगरवाटेवर शेंदरी रंगाच्या हजारो कमानी आहेत. त्यांवर देणगीदारांची नावे असतात. त्यांत छोटे दुकानदार तसे मोठे कारखानदारही. टोकियोच्या गिंझा या महागड्या पेठेत तर काही उंच इमारतींच्या गच्चीवर इनारीची छोटी देवळे आहेत.

नवी इमारत उभारायची झाली, तर तिथेही आधी भूमिपूजन होते. चार कोपऱ्यांना हिरवे बांबू, त्यांना बांधलेला भाताच्या पेंढ्याचा दोर, आणि नैवेद्याला तांदूळ, मीठ, भाजीपाला. पूजा झाली की मग यंत्रे घरघरू लागतात. नव्या वर्षाला घरोघरी दारावर पेंढ्याचे तोरण लागते.

शेतकऱ्याच्या मनात साहजिकच येईल, हा पेंढा येतो कुठून? जपानात भाताची कापणी आता कंबाइन यंत्राने होते. हे यंत्र मळणी करता करता पेंढ्याचे तुकडे करून शेतातच टाकते. जमिनीला ते चांगले. पण तुकड्यांचा दोर वळता येत नाही. त्यासाठी उंच वाढणारे भात वेगळे लावावे लागते, पेंढा अखंड कापून वाळवावा लागतो. हे काम वेळखाऊ आहे, आणि तिथल्या शेतकऱ्यांचे सरासरी वय पासष्टीच्या पुढे गेले आहे. बाजारात प्लॅस्टिकची तोरणेही आली आहेत.

शहराने देव जपला, रीत जपली. पण ती रीत गावातल्या म्हाताऱ्या हातांवर उभी आहे. ते हात थकण्याआधी तरुणांनी दोर वळायला शिकले पाहिजे, आणि शहराने त्या पेंढ्याला मेहनतीचा भाव दिला पाहिजे.