घोटभर

परवा सातारला जाताना गाडीत नात शेजारी बसली होती. उंब्रज मागे पडलं आणि तिनं बाटली काढली, ओठ ओले केले न केले, झाकण लावून टाकलं. "पी की नीट, ऊन किती आहे," म्हटलं, तर म्हणाली, "नको आजी, मग जावं लागतं."

मी गप्प बसले, पण पोटात कालवलं. हे तिला घरात कुणी शिकवलेलं नाही. तिच्या शाळेत फरशी लावलेलं स्वच्छतागृह आहे. त्याच्या दाराला आतून कडी नाही आणि दुपारनंतर नळाला पाणी नसतं, हे तिनं खोदून विचारल्यावर सांगितलं.

आमच्या घरी पितळेचा फिरकीचा तांब्या होता. पंढरपूरला जाताना आई तो भरून मांडीवर धरायची. कराडहून निघालेली गाडी विट्याच्या पुढं कुठंतरी लिंबाखाली थांबायची. पुरुष उतरून बांधाकडे तोंड करून उभे राहायचे, विडी ओढून परत चढायचे. बायका आत, दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघत. आई फिरकी सोडून आम्हा भावंडांना पाणी द्यायची, पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्याला द्यायची, पदरानं तांब्याचं तोंड पुसायची आणि स्वतः घोटभर घ्यायची, घशाखाली गेला की नाही कळू नये इतपत. मग फिरकी घट्ट. संध्याकाळी चंद्रभागेच्या वाळवंटात चांगला अंधार पडेपर्यंत ती तशीच. हाताला धरून मला न्यायची आणि राखणीला पाठमोरी उभी करायची. माझ्या मागं वाळूवर पडणारी धार, संपतासंपत नाही अशी. एवढा वेळ कसा लागतो, याचं मला तेव्हा नवल वाटायचं.

मी शिक्षिका झाले तेव्हा गावच्या शाळेत दोन खोल्या होत्या आणि पटांगणात एक लिंब. सकाळी कपभर चहा, त्यानंतर संध्याकाळी घरी येईपर्यंत काही नाही. गुरुजी शाळेमागं जाऊन येत. तिथंच ओढा होता आणि ओढ्यापलीकडे वस्ती, त्यामुळे माझ्यासाठी ती जागा नव्हती. मी सभेत विषय काढला की सगळे आपापल्या चपलांकडे बघत. उन्हाळी लागायची. लघवीला आग, थेंब थेंब, ओटीपोटात कळ. मग धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, ताक. सासूबाई माठात वाळा घालून ठेवायच्या. बरं वाटलं की पुन्हा शाळा आणि पुन्हा कोरडा घसा.

म्हणून निवृत्तीनंतर लघवी गुलाबी दिसली तेव्हा डॉक्टरांनी जंतुसंसर्ग म्हणून गोळ्या दिल्या, याचं मला काहीच वाटलं नाही. काही आठवड्यांनी पुन्हा तेच, पुन्हा गोळ्या. मग म्हणाले, "वय झालं, गर्भाशय बघून घेऊ." बघितलं, तिथं काही निघालं नाही. दुखत तर काहीच नव्हतं. न दुखता रक्त जाणं हीच मूत्राशयाच्या कॅन्सरची सगळ्यांत ठळक खूण, हे मला फार नंतर कळलं. बायकांच्या बाबतीत हे रक्त संसर्गाच्या नाहीतर पाळीच्या खात्यावर मांडलं जातं आणि निदानाला उशीर होतो, हेही. त्या डॉक्टरांवरचा माझा राग गेलेला नाही आणि तो जावा म्हणून मी काही करतही नाही. दुर्बीण घालून गाठ खरवडली तोवर ती मूत्राशयाच्या स्नायूत उतरली होती.

मुंबईच्या इस्पितळात विचारलं, बिडी-सिगारेट? घरात कुणी ओढत होतं? रंगाच्या, रबराच्या कारखान्यात कधी काम? सगळ्याला नाही म्हणून झाल्यावर मीच विचारलं, आयुष्यभर रोखून धरलं, पाणी प्याले नाही, त्यानं झालं का? डॉक्टर तरुण होते. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाई, रोखल्यानं संसर्ग होतात, पण त्यानं कॅन्सर होतो असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही." सरळ उत्तर मिळालं याचंच मला तेव्हा बरं वाटलं.

आधी केमो. सिस्प्लॅटिन मूत्रपिंडांना जड, म्हणून औषधाच्या आधी आणि नंतर सलाइनच्या बाटल्या, आणि घरी आल्यावर पाणी, सरबत, ताक, पुन्हा पाणी. लेक गजर लावून पेला पुढं करायचा. घोटावर जगलेला घसा, तो पेलाभर पाण्याला अडायचा. अशा वेळी आई हटकून आठवायची, पण फिरकी उघडून पोटभर पाणी पिणारी आई काही केल्या डोळ्यांपुढं येईना.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सिस्टर मार्कर घेऊन आल्या. म्हणाल्या, रोजची साडी नेसा आणि नाडी रोज बांधता तिथंच बांधा. मग बसा, वाका, आडव्या व्हा, उभ्या राहा. पोटाला घडी कुठं पडते, नाडी कुठं काचते, सगळं बोटानं चाचपून बघितलं आणि बेंबीच्या उजव्या बाजूला, नाडीच्या चार बोटं खाली, फुली मारली. "मान वाकवून दिसते ना? उद्यापासून तुम्हालाच रोज बघायची आहे." एवढ्या आजारपणात माझ्या साडीचा विचार कुणीतरी पहिल्यांदाच केला होता. त्या बाईंचा हात मी जरा जास्तच वेळ धरून ठेवला.

मूत्राशय, गर्भाशय, अंडाशय, योनीची पुढची भिंत, आसपासच्या लसिकाग्रंथी, सगळं काढायचं. लहान आतड्याचा वीतभर तुकडा त्याचा रक्तपुरवठा तसाच ठेवून वेगळा करायचा, उरलेलं आतडं पुन्हा सांधायचं. मूत्रपिंडांकडून येणाऱ्या दोन्ही नळ्या त्या तुकड्याला जोडायच्या आणि त्याचं एक तोंड पोटावर फुलीच्या जागी आणायचं. सेंट लुईसच्या युजीन ब्रिकर यांनी १९५० साली ही रीत मांडली. त्याआधी नळ्या मोठ्या आतड्यात सोडत, मग जंतू मूत्रपिंडात चढत आणि रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडे.

नंतरचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. पाणी बंद, ओठांवर ओला बोळा. तीन गोट्यांचं यंत्र तोंडात धरून श्वास ओढायचा, गोट्या वर राहिल्या पाहिजेत. आणि सकाळ-संध्याकाळ एकच प्रश्न, वारा सरला का? सरला तेव्हा सून वॉर्डातच रडली. पोटावरची नवी जागा बघितली ती लाल, ओलसर, गालाच्या आतल्या बाजूसारखी, आणि तिच्यातून दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या. त्या पुढं काढल्या. बोट लावलं तर काही कळलं नाही, वेदना कळतील अशा नसा तिथं नसतातच. मधूनच ती आपली आपण आक्रसायची. लघवी वाहायला लागलं तरी ते आतडंच, ते आपला चिकट द्रव सोडत राहतं. लघवी गोळा करायला त्या जागेवर पिशवी चिकटवलेली असते, तिच्यात पांढरे तंतू दिसतात. सिस्टर म्हणाल्या, ते राहणारच, भरपूर पाणी प्या म्हणजे तुंबणार नाहीत.

पिशवी बदलायची ती पहाटे, चहाच्या आधी, तेव्हा धार कमी असते. चकतीचं भोक मापानं कापायचं. दीड-दोन महिन्यांत सूज उतरते तसं माप लहान होत जातं. भोक मोठं राहिलं तर लघवी कातडीला लागून ती सोलपटते. कोमट पाण्यानं पुसायचं, कोरडं करायचं, चकती लावून तळहाताची ऊब द्यायची. पिशवी तिसरा हिस्सा भरली की तोटी उघडायची. रात्री लांब नळीची मोठी पिशवी.

हे सगळं हातात बसल्यावर एका पहाटे मला लागली. खरोखर, पूर्वीसारखी, ओटीपोटात दाटून. घाईघाईनं उठून बसले. तिथं भरायला काही उरलेलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूच्या सवयी लवकर जात नाहीत. जिला वर्षानुवर्षं "थांब, घंटा होऊ दे," "थांब, अंधार पडू दे," म्हणत आले, ती आता येत नाही. कोरडी, सुखाची, हवं तेव्हा फिरता येणारी झाले मी, यष्टीतसुद्धा पोटभर पाणी पिते. तरी तिची उणीव भासते. वेळेवर उठून गेले असते तर तिनं काय सुख दिलं असतं, ते मला नीटसं कधी कळलंच नाही.

असं रोखून धरण्यावरून आठवतो तो दुर्बीण निघायच्या आधी नुसत्या डोळ्यांनी ग्रहांची मोजमापं घेणारा टायको ब्राहे. ऑक्टोबर १६०१ मध्ये प्रागच्या एका मेजवानीत ताटावरून उठणं असभ्य दिसेल म्हणून त्यानं लघवी रोखून धरली. घरी आला तर होईना. अकरा दिवसांनी तो गेला. त्याचा मदतनीस केप्लर, त्यानं ते लिहून ठेवलं. विषबाधा तर नव्हती, हे तपासायला २०१० मध्ये त्याचं थडगं उघडलं. पाऱ्याची विषबाधा नव्हती, असं ठरलं. एका पुरुषाच्या एका रात्रीची चारशे वर्षं चौकशी चालली. पंढरपूरच्या त्या संध्याकाळी माझ्या आईबरोबर कितीजणी अंधाराची वाट बघत होत्या, त्यांची नोंद नाही.

मुंबईत २०११ पासून बायका 'राइट टू पी' म्हणून उभ्या राहिल्या. पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे, हे त्यांनी चव्हाट्यावर आणलं. पुण्याचं 'मिळून साऱ्याजणी' मासिक कोर्टात गेलं. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं महापालिकांना रस्त्यांवर बायकांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहं करायला सांगितलं. नातीच्या शाळेत मी सुतार नेऊन कडी बसवून घेतली. पाण्याचं अजून भांडते आहे.

ऑपरेशन व्हायचं असलेल्या बायकांशी बोलायला मला अधूनमधून बोलावतात. गेल्या खेपेला बीडकडची एक ऊसतोड करणारी होती. मी साडी बाजूला करून दाखवली. ती म्हणाली, "ताई, मग फडात कुठं बसायचं?" म्हटलं, बसायचंच नाही, तोटी उघडायची, उभ्यानं. ती बघतच राहिली. मग विचारलं, पाणी किती? अडीच-तीन लिटर. आणि वजन? वजन उचलायचं नाही, पोटावरच्या जागेशेजारी हर्निया होतो. "पाणी डोक्यावरून आणावं लागतं," ती म्हणाली, "आन् मोळी?"

मोळीचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. ती थांबली तर कोयता मोडतो आणि मुकादमाची घेतलेली उचल अंगावर येते. ऑपरेशनची तारीख ऐन हंगामातली. इस्पितळाच्या समाजसेविका, तिचा नवरा आणि मी, तिघं बसून उचल पुढच्या हंगामावर ढकलता येईल का ते बघतोय. मुकादमाचा नंबर मी घेतला आहे. पहिला फोन समाजसेविका करतील, त्याला पटलं नाही तर मी करणार आहे.